नाव एक, दस्तऐवज अनेक

(परदेशस्थ मुलांच्या पालकांसाठी झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज माझ्याकडे सोपवलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्यासारखा आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर वेगवेगळ्या कागदपत्रांवरील आपल्या नावांचा मेळ कसा घालावा, असा तो विषय. मेळाव्यात संस्कारांवर बोलावे, मातृभाषेवर बोलावे, आणि मध्येच हा वकिलाच्या कचेरीतला विषय कशासाठी, असे कुणाला वाटल्यास नवल नाही. परंतु येथे बसलेल्या बहुतेक घरांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई सातासमुद्रापार आहे. त्यांपैकी अनेकांनी तेथील नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, काहींची तारीख ठरली आहे. त्यांच्या नावातील एका अक्षराचा फरक उद्या वडिलांच्या घराच्या वाटणीत, आईच्या बँक खात्याच्या वारसनोंदीत किंवा नातवाच्या पासपोर्टात आडवा येऊ शकतो. म्हणून हा विषय घरातलाच आहे.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकन नागरिकत्वाचा कागद आपल्या लोकांना सुखासुखी मिळालेला नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘श्वेतवर्णीय’ नाहीत, सबब नागरिकत्वास पात्र नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ साली रीतसर नागरिक झालेले होते. त्यांच्यावरही खटला गुदरला गेला. पण न्यायालयाने एकदा अंतिम केलेला आदेश पुन्हा उकरून काढता येणार नाही, असे अपील न्यायालयाने १९२६ साली ठरवले आणि पंडितांचे नागरिकत्व टिकले. पुढे १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले, आणि १९६५ च्या कायद्यानंतर आपली मंडळी मोठ्या संख्येने तेथे जाऊ लागली. या इतिहासातून एक बोध घेण्याजोगा आहे. संकटाच्या वेळी माणसाला तारते ती रीतसर झालेली नोंद.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नावांत तफावत येते तरी का?

नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदरी असते : स्वतःचे नाव, पित्याचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. भारतीय पासपोर्टात मात्र रकाने दोनच, आडनावाचा एक आणि उरलेल्या नावाचा दुसरा. त्यामुळे स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात बसते. तेथे गेल्यावर एखाद्या कार्यालयात ही दोन्ही मिळून ‘पहिले नाव’ ठरते, दुसऱ्या कार्यालयात वडिलांचे नाव ‘मधले नाव’ होते, तिसरीकडे त्याचे केवळ आद्याक्षर उरते. ज्यांच्या जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा राहिला, त्यांची तर आणखी गंमत होते. त्यांचे स्वतःचे नाव अमेरिकन व्हिसावर आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ, ‘पहिले नाव अज्ञात’. आईवडिलांनी बारशाला हौसेने ठेवलेले नाव असताना माणूस कागदावर अनामिक होतो.

दुसरे कारण लिपीचे. देवनागरीत ‘वाघ’ हा शब्द एकाच प्रकारे लिहिता येतो. रोमन लिपीत ‘व’साठी कुणी व्ही वापरतो, कुणी डब्ल्यू. दीक्षितांच्या घरात थोरला भाऊ ‘क्ष’साठी एक्स लिहितो आणि धाकटा केएसएच. ‘ज्ञानेश्वर’ या नावाचे किती अवतार होतात, ते आपण जाणताच. शाळेतील लेखनिकाने एक लिहिले, विद्यापीठाने दुसरे छापले, पासपोर्टवर तिसरे आले. देशात असेतोवर कुणाचे अडत नव्हते, कारण माणूस ओळखीचा होता. परक्या देशात माणसाला कुणी ओळखत नाही. तेथे कागद बोलतो.

तिसरे कारण विवाहाचे. आपल्याकडे विवाहानंतर आडनाव आणि मधले नाव बदलण्याची रीत आहे, आणि अनेक घरांत मुलीचे पहिले नावही बदलले जाते. कायद्याने स्त्रीवर नाव बदलण्याची सक्ती कधीच केलेली नाही. हा प्रश्न तिच्या व कुटुंबाच्या इच्छेचा. पण बदल करायचा तर त्याचा दस्तऐवज हवा, आणि नेमके तेच राहून जाते.

उदाहरणापुरते एक कुटुंब कल्पू या. मंदाकिनी गोविंद दीक्षित ही साताऱ्याची मुलगी. शाळेचा दाखला व पदवी या नावाने. विवाहानंतर ती वैशाली श्रीकांत वाघ झाली. पासपोर्ट या नव्या नावाने निघाला. अमेरिकेत ग्रीन कार्डावर पतीचे नाव तिच्या पहिल्या नावाला जोडले गेले. नागरिक होताना तिने मधले नाव गाळले. उद्या गोविंदराव गेले आणि साताऱ्याच्या घरावर वारसनोंद करायची वेळ आली, तर महसूल दप्तरासमोर प्रश्न उभा राहील : दीक्षितांची मंदाकिनी आणि अमेरिकन पासपोर्टधारक वैशाली वाघ ही एकच व्यक्ती कशावरून?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो हक्क तिला जन्मतःच प्राप्त होतो, असे स्पष्ट केले. परदेशी नागरिक झाल्याने वारसाहक्क बुडत नाही. शेतजमीन विकत घेण्यास ओसीआय कार्डधारकाला बंदी असली, तरी वारशाने ती त्याला मिळू शकते. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क शाबूत आहे, आणि तो केवळ नावाच्या तफावतीने अडून राहू शकतो. भावाबहिणीत प्रेम असेल तर वेळ निभावते. प्रेमात अंतर पडले असेल, तर हीच तफावत शस्त्र म्हणून वापरली जाते. न्यायालयांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कुटुंबांत हे चित्र अनोळखी नाही.

मग उपाय काय? सर्वप्रथम एक भ्रम दूर करायला हवा. जन्मापासूनचे सर्व कागद एकाच नावाचे केले पाहिजेत, असा अनेकांचा समज असतो. ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मंदाकिनीचा शाळेचा दाखला चुकीचा नाही. तो त्या काळी खरा होता आणि आजही खराच आहे. आवश्यक आहे ती एका नावापासून पुढच्या नावापर्यंत पोहोचवणारी दस्तऐवजांची साखळी. कडी तुटलेली असेल तेथेच ती जोडायची.

त्यासाठी तफावतीचे तीन प्रकार वेगळे ओळखावेत. पहिला, खरा बदल : विवाहाने, घटस्फोटाने किंवा न्यायालयाच्या आदेशाने नाव बदलले. दुसरा, चूक : कार्यालयाने किंवा अर्जदाराने नाव चुकीचे लिहिले. तिसरा, भेद : नाव तेच, परंतु लेखन किंवा क्रम निराळा. पहिल्यासाठी बदलाचा पुरावा लागतो, दुसऱ्यासाठी दुरुस्ती, आणि तिसऱ्यासाठी बहुधा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरते. रोग ओळखल्याशिवाय औषध घेऊ नये, हे येथेही लागू आहे.

नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, हा या साखळीतील कळीचा टप्पा. या अर्जात जन्मापासून वापरलेली अन्य सर्व नावे लिहायची असतात. माहेरचे नाव, वेगळे लेखन, जुन्या नोकरीतील नाव, सारे तेथे निःसंकोच लिहावे. काही जण एवढी नावे पाहून अधिकाऱ्याला शंका येईल, या भीतीने ती गाळतात. वस्तुतः लिहिलेले नाव पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. गाळलेले नाव शंकेला जन्म देते.

याच अर्जात नाव बदलण्याची विनंतीही करता येते. येथे एक बारकावा आहे. यूएससीआयएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागरिकत्व खात्याला स्वतःच्या अधिकारात कुणाचे नाव बदलता येत नाही. तो अधिकार न्यायालयाचा. म्हणून अशी विनंती करणाऱ्याला न्यायालयात होणाऱ्या शपथविधीला पाठवले जाते आणि न्यायाधीशांच्या आदेशाने नाव बदलते. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मग नव्या नावानेच मिळते. ‘एफएनयू’चा कलंक पुसण्याची किंवा पहिल्या नावाला चिकटलेले वडिलांचे नाव योग्य जागी नेण्याची ही उत्तम संधी. विवाहाने झालेल्या बदलासाठी विवाह प्रमाणपत्र दाखवता येते. ही संधी हुकली तर राज्याच्या न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो, त्याचे शुल्क भरावे लागते, आणि अनेक राज्यांत वृत्तपत्रात जाहिरातही द्यावी लागते.

शपथविधीच्या दिवशी आनंदाचे वातावरण असते, छायाचित्रे काढली जातात. त्या गडबडीतही प्रमाणपत्र हाती येताच नाव अक्षरशः वाचावे, जन्मतारीख तपासावी, आणि चूक दिसल्यास तेथेच सांगावी. पुढे लक्षात आल्यास एन-५६५ हा अर्ज आहे. चूक खात्याची असेल तर त्याला शुल्क पडत नाही. मात्र शपथेवर आपणच जे नाव किंवा जी जन्मतारीख बरोबर म्हणून सांगितली, ती नंतर चुकीची होती असे म्हणून प्रमाणपत्र दुरुस्त करून मिळत नाही. तसा नियमच आहे. म्हणून अर्ज भरताना घाई नको. प्रमाणपत्रानंतर न्यायालयाच्या आदेशाने नाव बदलले, तर नवे प्रमाणपत्र घेता येते. परंतु जुने प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेला न्यायालयाचा आदेश, ही जोडीही साखळी पूर्ण करते.

यानंतरचा क्रमही महत्त्वाचा. आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात एसएस-५ या अर्जाने नाव व नागरिकत्वाची नोंद अद्ययावत करावी. ते कार्यालय कायदेशीर नावात पहिले नाव आणि आडनाव एवढेच धरते. मधल्या नावाचा आग्रह धरत नाही. नोकरीचे वेतन, प्राप्तिकराचे विवरण आणि निवृत्तीचे हक्क या नोंदीला बांधलेले असतात; नावे जुळली नाहीत तर कराचा परतावा रखडतो. त्यापाठोपाठ पासपोर्ट. पहिल्या अमेरिकन पासपोर्टासाठी डीएस-११ हा अर्ज आणि नागरिकत्वाचे मूळ प्रमाणपत्र लागते. पासपोर्ट मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत नाव कायदेशीररीत्या बदलले, किंवा त्यात छपाईची चूक आढळली, तर डीएस-५५०४ हा अर्ज आहे. मग वाहन परवाना. ७ मे २०२५ पासून तेथे देशांतर्गत विमानप्रवासासाठीही रिअल आयडी नियमांची अंमलबजावणी सुरू झाली आहे; तो परवाना देताना नावाच्या बदलाचे कागद तपासले जातात. मतदारनोंदणीतही २००२ च्या कायद्यानुसार परवान्याचा किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पडताळा घेतला जातो. शेवटी बँक, विमा, घराचे खरेदीखत आणि मृत्युपत्र. मृत्युपत्रात पूर्वीची नावेही नमूद करावीत.

आता आपल्या बाजूचा, म्हणजे भारतातील भाग. भारतीय राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अन्य देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. भारतीय पासपोर्ट रीतसर परत करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि मतदारयादीतील नाव कमी करून घेणे हेही कर्तव्यच. २००५ च्या अखेरीस सुरू झालेले ओसीआय कार्ड हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. तो दीर्घकाळ ये-जा करण्याचा व काही आर्थिक व्यवहारांचा अधिकार आहे. या दोन्ही प्रक्रियांत जुना भारतीय पासपोर्ट आणि नवा परदेशी पासपोर्ट शेजारी ठेवले जातात. नावांत फरक दिसला की विवाह प्रमाणपत्र, न्यायालयाचा आदेश किंवा प्रतिज्ञापत्र मागितले जाते. ओसीआय मिळाल्यानंतर नाव बदलले, तर कार्डही नव्याने करून घ्यावे.

भारतातील मूळ कागदांत खरीच चूक असेल, तर तीही सुधारता येते. जन्मनोंदीतील चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १५व्या कलमानुसार निबंधक दुरुस्त करतो. विशेष म्हणजे तो मूळ नोंद खोडत नाही. समासात दुरुस्ती लिहितो. जुने राखून नवे जोडण्याची ही दृष्टी मला मोलाची वाटते. ज्यांची जन्मनोंदच झाली नाही, त्यांनी नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे तयार ठेवावीत. ही वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते, हे विसरू नये. विवाहात पहिले नावही बदलले असेल, तर भारतीय नागरिक असतानाच महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात त्याची प्रसिद्धी करून घेणे हा भक्कम दुवा ठरतो.

परदेशातून पाठवायच्या कागदांना अपोस्टिल हे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण लागते. भारत १४ जुलै २००५ पासून या व्यवस्थेत आहे. मुलाने तेथून मुखत्यारपत्र पाठवले, तर ते महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात सध्याचे नाव आणि ‘पूर्वाश्रमीचे’ नाव दोन्ही लिहावे. एवढ्या एका ओळीने पुढील कितीतरी मनस्ताप वाचतो.

मुलांच्या बाबतीत आणखी काळजी हवी. २००० साली झालेल्या आणि फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या अमेरिकन कायद्यानुसार, आई किंवा वडील नागरिक झाले की तेथे त्यांच्यासोबत कायम निवासी असलेले १८ वर्षांखालील अपत्य आपोआप नागरिक होते. पण हे सिद्ध करताना जन्मदाखल्यावरील आई आणि प्रमाणपत्रावरील आई एकच, हे दाखवावे लागते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्यांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा निर्णय शासनाने घेतला. मातेचा हा उचित सन्मान आहे. मात्र नाव आता चार पदरी झाले. पासपोर्टाच्या दोन रकान्यांत ते कसे बसवायचे, हे आईवडिलांनी पहिल्याच कागदावर विचारपूर्वक ठरवावे आणि तेच पुढे चालवावे.

हाच प्रश्न उलट दिशेनेही येतो. पाकिस्तानातून आलेली आणि उल्हासनगर, नागपूर येथे स्थिरावलेली सिंधी कुटुंबे आपल्याला परिचित आहेत. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले आणि अशा कुटुंबांपैकी पात्र व्यक्तींचा मार्ग सुकर झाला. त्यांच्या जुन्या कागदांची लिपी निराळी, नाव लिहिण्याची पद्धत निराळी. भारतीय नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जे नाव येईल, तेच पुढे आधार, पॅन, पासपोर्ट आणि मुलांच्या शाळेत जाईल. आपल्या वस्तीत असे कुटुंब असेल, तर त्यांचा अर्ज भरताना शेजारी बसून अक्षरे तपासून देणे, ही लहान दिसणारी पण मोठी सेवा आहे.

बंधु-भगिनींनो, समारोपाकडे येतो. परदेशी गेलेली आपली मुले कार्यालयात सोयीसाठी संजयचा ‘सॅम’ करतात. सहकाऱ्यांच्या तोंडी ते राहू द्यावे. कागदावर ते उतरू देऊ नये, एवढे त्यांना सांगा. आणि येत्या सुटीत मुले घरी येतील तेव्हा एक काम आवर्जून करा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट, नागरिकत्व प्रमाणपत्र आणि घराचा उतारा एकत्र मांडा. प्रत्येकावरील नाव एका कागदावर तारखेसह लिहा. कुठे कडी तुटली आहे, ते तासाभरात दिसेल. भावंडांच्या साक्षीने, सलोखा असताना, ती जोडून घ्या. गुंतागुंत असल्यास जाणकार वकिलाचा सल्ला घ्या.

आपण मुलांना घर देतो, दागिने देतो. बारशाला दिलेले नाव हे त्या सर्वांच्या आधीचे देणे. ते कागदोपत्री सुखरूप राहील, याची काळजी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही वाहावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.